हुंग्याचं नाक आणि दादाची शिडी

हुंग्याचं नाक मोडलं ते एका शिडीपायी. बाप गेला, एसी दुरुस्तीचं दुकान दोघा भावांत वाटलं गेलं, पाने-पकडी वाटल्या, गॅसच्या टाक्या वाटल्या आणि शेवटी भिंतीला टेकलेली शिडी उरली. शिडीचे काही दोन तुकडे होत नाहीत. दादा म्हणाला, मी थोरला. हुंग्या म्हणाला, चढतो मी. शब्दाने शब्द वाढला, हुंग्याने दादाची गचांडी धरली, दादाने डाव्या हाताला आला तो पाना उचलला आणि घातला तोंडावर. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. शर्ट रक्ताने भिजला तरी हुंग्या शिडीचा पाय सोडेना. मग दादाने त्याच्या बोटांवर टाच दिली आणि शिडी नेली.

हाड जुळलं. नाक जरा डावीकडे बघायला लागलं, एवढंच. पण वास गेला तो कायमचा.

आता दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर खपून गेलं असतं. याचं पोटच नाकावर. एसीतून घाण वास यायला लागला की लोक यालाच हाक मारायचे, नावच त्यावरून पडलेलं. दारात उभा राहून सांगायचा, कुबट आहे, आत ओल राहून बुरशी धरलीय. सडका आहे, उंदीर नाहीतर पाल मेलीय. करपट आहे, वायर तापतेय, आधी बटण बंद करा.

ते नाक गेल्यावर बायको हत्यारांची पेटी उचलून मागे यायला लागली. तिने कान खाजवला की बुरशी, वेणी मागे टाकली की मेलेलं जनावर, खाकरली की गटार. लोक म्हणायचे, किती जीव आहे बाईचा नवऱ्यावर. जीव होताच म्हणा, पण काम नाकाचं होतं. हे फुटलं तर धंदा बसणार हे हुंग्याला कळत होतं. त्याहून मोठी धास्ती दादाची होती. दादाला कळलं तर तो हसेल, आणि ते हसणं आपण जिरवू शकणार नाही, असं त्याला वाटायचं.

एकदा एका ट्रकवाल्याने बोलावलं. माणूस दाराएवढा रुंद. खोलीतल्या वासाने डोकं फिरून त्याने एसीवरच ठोसा मारला होता. पुढचं झाकण फुटून लोंबत होतं, आणि त्याच्या मुठीला फडकं गुंडाळलेलं होतं.

"दोघं येऊन गेले," ट्रकवाला म्हणाला. "दोघांनी धुतला आणि वास तसाच. तू तिसरा. वास राहिला तर तुला धुतो."

बायको खाकरली. मग पुन्हा खाकरली. हुंग्याला वाटलं, एवढं खाकरतेय म्हणजे गटार अगदी उशाशी आलेलं दिसतंय.

"खोकला झालाय का हिला?" ट्रकवाल्याने विचारलं.

"जुना आहे," हुंग्या म्हणाला आणि घरामागे गेला.

एसीचं पाणी वाहून नेणारी नळी भिंतीवरून खाली येऊन सरळ गटाराच्या पाइपात खुपसलेली होती. नळीला खाली एक वळसा द्यावा लागतो. त्यात पाणी साचून राहतं आणि गटाराची हवा अडते. इथे वळसाच नव्हता, सगळं गटार नळीवाटे उशाला येत होतं. आणि सांध्यावरची टेप उलटी गुंडाळलेली होती, डावखुऱ्या हाताची. असली टेप हुंग्याने लहानपणापासून पाहिली होती.

"कुणी केलंय हे?" ट्रकवाल्याने विचारलं. "बसवून देणाऱ्याने कुणालातरी पाठवलं होतं. मी तेव्हा गाडीवर होतो."

बायकोने मान हलवली, नको म्हणून. पण हुंग्याच्या तोंडून दादाचं नाव आणि दुकानाचा पत्ता असा सुटला, जणू तिथेच तयार बसला होता.

बायकोला घरी धाडून हुंग्या ट्रकवाल्याच्या मागोमाग दादाच्या दुकानी गेला. बघायला म्हणूनच गेला, उगाच का खोटं सांगा. ट्रकवाल्याने दादाला कॉलर धरून गल्ल्यावरून ओढला. पहिल्या थपडेत दादाचा ओठ फुटला. दुसऱ्या फटक्यात तो टाक्यांवर कोसळला. तिसऱ्यांदा त्याचं डोकं टेबलावर आपटलं, तोवर हुंग्या दारात उभा राहून मजा बघत होता. मग ट्रकवाल्याने टेबलावरचा पाना उचलला. तोच पाना. दादाने नाकापुढे हात धरला, शाळेत मास्तर मारायचे तेव्हा धरायचा तसा.

पुढचं हुंग्याला नीट आठवत नाही. पाठीवर उडी घेतली, कानाला चावला, कोपर मारलं ते ट्रकवाल्याच्या नाकावर. ट्रकवाल्याने त्याला भिंतीवर फेकला, बरगडी दुखावली, तो पुन्हा उठला.

"माझा भाऊ आहे तो," हुंग्या धापा टाकत म्हणाला. "त्याला मारायचा पहिला नंबर माझा."

ट्रकवाला जमिनीवर बसून नाकातलं रक्त पुसत होता. "मग पत्ता कशाला दिलास, गाढवा?"

हुंग्या बरगडी दाबत दादाच्या पुढे उभा राहिला.

"दोघं चला," ट्रकवाला म्हणाला. "वास घालवा. मग जगा."

दादा शिडी घेऊन आला. दादा मागे जाऊन नळीला वळसा देऊ लागला. हुंग्याने आत एसीतला पाण्याचा ट्रे काढून धुतला आणि परत बसवला. ट्रकवाला दारात बसला होता, दोन्ही नाकपुड्यांत कापूस कोंबून. आता बायको खाकरायला नव्हती. मागची ठोकाठोक थांबली तसा हुंग्या स्टुलावर चढला, एसीला नाक लावून खोल श्वास घेतला.

"गेला बघा वास. पार गेला."

त्याच वेळी दादा पाण्याचा तांब्या घेऊन आत आला. तो वळशात ओतायचा होता. वळसा अजून कोरडाच होता आणि खोलीत गटार दाटलं होतं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं.

"काय म्हणालास?"

"गेला म्हटलं."

दादाने एसीकडे पाहिलं, मग हुंग्याच्या वाकड्या नाकाकडे. तो हसला नाही. शिडी लावली, चढला, ट्रेमध्ये तांब्या ओतला, पाणी नळीतून वळशात गेलं, मग खाली उतरला आणि डाव्या हाताची मूठ भिंतीवर मारली. पुन्हा मारली. कातडं सोललं, चुन्यावर लाल ठसा उमटला, तरी थांबेना.

हुंग्याने मनगट पकडलं. "भिंत दुसऱ्याची आहे, दादा."

"कधीपासून?" दादा त्याच्या नाकाकडे बघत म्हणाला.

"शिडीपासून."

ट्रकवाल्याला यातलं काही समजलं नाही. "वास गेला का नाही ते सांगा."

"आता गेला," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा हुंग्याच्या दारात उभा, खांद्यावर शिडी, हाताला पट्टी. म्हणाला, "आजपासून हिला घरी राहू दे. मी येतो तुझ्याबरोबर वास बघायला."

हुंग्याच्या बायकोने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळला. "नाक माझंच चालणार, दादा. तुम्ही मोडलंत, मी चालवलं," ती म्हणाली आणि पेटी त्याच्या पायाशी आदळली. "तुम्ही ही उचला."

दादाने उचलली.