आत्याने ओढलेली रापण

सुमतीआत्या गेल्याचा फोन वाराणसीहून आला तेव्हा मी मालवणला बँकेत होतो. चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "झोपेतच गेली रे. त्रास काही झाला नाही." फोन ठेवला आणि डोळ्यांसमोर आली ती दोन वर्षांपूर्वी इथल्या किनाऱ्यावर पदर खोचून उभी राहिलेली आत्या...

आमचं घर काशीत दूधविनायकाच्या गल्लीत, कैक पिढ्यांचं. आत्या तिथेच जन्मली, मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाली. रोज गंगेवर जायची, पण समुद्र तिने पाहिला नव्हता. महाराष्ट्रात ती एकदाच आली होती, तरुणपणी, पुण्याला एका लग्नाला. तिची हिंदी मिसळलेली मराठी ऐकून सगळा मांडव हसला. त्यानंतर ती कधी आली नाही. "मला शर्म वाटते रे तिकडे बोलायची," म्हणायची.

माझी मालवणला बदली झाल्यावर मी हट्टाने तिला घेऊन आलो. पहिले दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या मच्छीमारांच्या गावात गेलो. रापण लागली होती. होडीतून समुद्रात मोठं जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर माणसं किनाऱ्यावरून ओढतात, ती रापण. काशीत मासळीचा वास आला की नाकाला पदर लावणारी आत्या वाळूत उभी राहून एकटक बघत होती. दोर ओढणाऱ्यांतली एक बाई, रुक्मिणी तिचं नाव, ओरडली, "आजी, नुसती बघतंस काय? हात लाव मगे!"

आत्याने चपला काढल्या आणि खरंच दोर धरला! अर्धा तास ओढत होती, घामाघूम होऊन हसत होती. जाळं वाळूत आलं, बांगडे तडफडू लागले, तेव्हा मात्र तिने क्षणभर डोळे मिटले. रुक्मिणीने चार बांगडे तिच्यापुढे धरले. "ह्यो तुझो वाटो. दोर ओढलंस मां!"

ही खात नाही, असं मी घाईने सांगणार होतो. आत्याने हातानेच मला थांबवलं. मासे ओंजळीत घेतले, कपाळापर्यंत नेले आणि रुक्मिणीच्या टोपलीत ठेवले. "माझा हिस्सा तुझ्या मुलाबाळांना. माझी मराठी जरा गडबड आहे हं... समजतंय ना तुला?"

रुक्मिणी खळखळून हसली. "तुझी मराठी वायली, माझी वायली. समाजता मां? मगे झाला!"

वायली म्हणजे वेगळी, हे मी आत्याला सांगितलं. परतताना ती रिक्षावाल्याशी बोलली, भाजीवालीशी बोलली. उरलेले आठ दिवस मला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही.

काशीला परतल्यावर तिने दर रविवारी बाहेरच्या खोलीत मराठी बोलायची बैठक सुरू केली. गल्लीतल्या मुली, हिंदी घरांतून आलेल्या सुना, बोलायला कचरणाऱ्या सगळ्याजणींसाठी. नियम एकच, कोणी कोणाची चूक काढायची नाही.

तेराव्यासाठी मी काशीला गेलो आणि त्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्या खोलीत एकटा बसलो होतो. आज कोण येणार, असं वाटत असतानाच शेजारची नवी सून आली, मागोमाग आणखी चौघी. सतरंजी त्यांनीच पसरली. मग सून म्हणाली, "आत्या मला बोलली होती, गलत बोल, पण बोल. म्हणून आज मी शुरू करते."

आणि सकाळी बाजारात काय काय झालं ते ती सांगू लागली. बाकीच्या मध्येच बोलू लागल्या, हसू लागल्या. मी उठलो आणि आत जाऊन सहा कप चहा टाकला.