भाडेपट्ट्याची उरलेली सहा वर्षे

नोकरीत मी पुष्कळ मृत्यू पाहिले. बहुतेकांचे चेहरे आता पुसट झाले आहेत. पिंपळे गुरवच्या त्या बाईचे प्रकरण मात्र विसरता येत नाही, कारण त्यात पहिली चूक माझी होती.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी संपत आली होती, तेवढ्यात वर्दी आली. एका जुन्या बैठ्या सोसायटीतील दोन खोल्यांच्या घरात चाळिशीच्या बाईने जीव दिला होता. चिठ्ठी नव्हती. नवरा चाकणच्या कारखान्यात मशीनवर कामाला, पहिल्या शिफ्टला गेलेला. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा उरकला.

दुपारी बाईचा थोरला भाऊ ठाण्यात आला. भोसरीत त्याची घरांची दलाली होती. नवऱ्यानेच छळून बहिणीला मारले, असे तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होता. शेजाऱ्यांनीही आठवडाभर त्या घरातून रडण्याचा आवाज येत असल्याचे जबाबात सांगितले. मला तेवढे पुरेसे वाटले.

नवऱ्याला सलग चार दिवस चौकशीला बोलावले. खेड तालुक्यातल्या शेतकरी घरातला माणूस, मितभाषी. विचारले तेवढेच सांगायचा. भांडण झाले नाही, हात उगारला नाही. मग ती रडत का होती, या प्रश्नावर मात्र तो जमिनीकडे बघत राहायचा. शवविच्छेदनात मारहाणीची एकही खूण नव्हती, तरी माझा संशय हटेना. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, हे मी नव्या फौजदारांना शिकवत आलो होतो. दशक्रियेला त्याला जाऊ दिले तेही सोबत शिपाई देऊन. घाटावर सगळ्या नातेवाइकांनी ते पाहिले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात एका बाईचा फोन आला. तिने नाव सांगितले नाही. ‘नवऱ्याला काय विचारताय? घराचे कागद बघा,’ एवढे बोलून तिने फोन ठेवला. पुढे भावाच्या घरी चौकशीला गेलो, तेव्हा त्याच्या बायकोचा आवाज ऐकला आणि ओळखला. तिने माझ्याकडे एकदाच पाहिले. मी डायरीतली ‘अज्ञात महिला’ ही नोंद तशीच राहू दिली.

फोन आला त्याच दिवशी मी हवालदाराला घेऊन नवऱ्याच्या घरी गेलो. त्याने कपाटातून फाइल काढून दिली, पण देताना हात आखडता होता. घर त्याने दीड वर्षापूर्वी याच मेव्हण्याकडून विकत घेतले होते. सोसायटीखालची जमीन एका खासगी ट्रस्टची, भाडेपट्ट्याने दिलेली. फाइलमध्ये मूळ पट्ट्याची झेरॉक्स होती आणि तीत मुदत नव्याण्णव वर्षे लिहिली होती. मला काही वावगे दिसले नाही. हवालदार मात्र पाने पुन्हा पुन्हा उलटत होता. त्याचा जन्म पंचनामे टंकण्यात गेलेला. तो म्हणाला, ‘साहेब, सगळी पानं जुन्या टाइपरायटरची आहेत. हे तिसरं कॉम्प्युटरवर काढलंय.’ मुदतीचे कलम नेमके तिसऱ्या पानावर होते.

दुय्यम निबंधक कार्यालयातून पट्ट्याची प्रमाणित नक्कल मागवली. मुदत साठ वर्षांची निघाली. त्यातली सहाच उरली होती. मुदत संपल्यावर जमीन बांधकामासह ट्रस्टकडे परत जाणार, असेही त्यात स्वच्छ लिहिलेले होते. ट्रस्टच्या कारकुनाने जावक नोंदवही दाखवली. पट्टा वाढवून मिळणार नाही, असे पत्र त्या घरी दोनदा गेले होते. एकदा भाऊ मालक असताना, विक्रीच्या दोन महिने आधी. दुसऱ्यांदा बाईच्या मृत्यूच्या आठवडाभर आधी.

भावाला बोलावले. या वेळी त्याचा आवाज खाली होता. दोन्ही तिसरी पाने मी त्याच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. आधी त्याने टायपिस्टवर ढकलले, मग आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणाला. पट्टा मराठीतच होता. शेवटी मी पहिल्या पत्राची पोचपावती पुढे केली. तिच्यावर त्याची सही होती. मी एवढेच विचारले, की गिऱ्हाईक म्हणून बहीणच का?

‘बाहेरच्यानं वकील लावला असता, साहेब. बहीण कशाला लावंल?’

लेखनिकाने ते वाक्य उतरवून घेतले.

संध्याकाळी मी नवऱ्याच्या घरी गेलो. माझी चूक झाली, असे त्याला सांगितले. पत्राचे त्याला माहीत होते का, हेही विचारले. तो बोलू लागला.

‘मी तवाच म्हनलो व्हतो, कागद वकिलाला दाखवू. ती म्हनली, माज्या भावावर भरोसा न्हाई का? मग न्हाई दाखवले. पत्र आलं तवापासून ती जेवत नव्हती. भावाकडं जाऊन आली, त्यानं तिला हाकलून दिलं. मी तिला एका शब्दानं बोललो न्हाई, साहेब. पर तिला तेच जास्त लागलं असंल.’

हे आधी का सांगितले नाही, असे मी विचारले. सांगितले असते तर लोकांनी तिलाच नावे ठेवली असती, असे त्याचे म्हणणे होते. मग त्याने एकच विनंती केली. भरोशाचे ते बोलणे जबाबात घेऊ नका.

मला ते घ्यावे लागले. कागद का तपासले नाहीत, हा प्रश्न बचाव पक्ष सर्वांत आधी विचारणार होता, आणि त्याचे उत्तर त्या एका वाक्यात होते. भावावर फसवणुकीचा आणि बनावट दस्ताचा गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा झाली. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप मात्र टिकला नाही. घराच्या मुदतीत त्या शिक्षेने एक दिवसाचीही भर पडली नाही.

तेव्हापासून कोणी घर घेतो म्हणाला, की मी आधी विचारतो: जमीन मालकीची की पट्ट्याची? पट्ट्याची असेल तर किती वर्षे उरली? ते विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर बघू नका, नोंदणी कार्यालयातून स्वतः नक्कल काढा. विकणारा सख्खा असला तरी काढा. माझ्या मुलाने त्याच्या सासऱ्यांकडून घर घेतले तेव्हा मी त्यांच्याकडेही कागद मागितले. ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. ठाण्यातल्या माणसांकडे बघायची माझी रीतही बदलली. गप्प बसलेला माणूस दुसऱ्या कोणाला तरी झाकत असेल, हे मला फार उशिरा समजले.

न्यायालयात त्या नवऱ्याचा जबाब वाचला गेला, तेव्हा बाईचे ते वाक्यही भरल्या दालनात मोठ्याने वाचले गेले. माहेरचे सगळे बसले होते. तो मान खाली घालून ऐकत होता. बाहेर पडताना तो माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. त्याने नमस्कार केला नाही, आणि मलाही त्याला हाक मारण्याचे धाडस झाले नाही.