ड्रोहेड्यात जिंकलेला सामना
रबराच्या नव्या चेंडूचा वास आला की आयर्लंडमधल्या ड्रोहेड्यातला तो हॉल आठवतो. नातीच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ तिथे अव्वल क्रमांकाच्या संघाशी खेळायला गेला होता. अशा संघाला त्याच्या घरी हरवणं पोरींना कधी जमलं नव्हतं. यजमानांचा घड्याळ सांभाळणारा आला नाही, म्हणून दोन्ही कोचनी मला बसवलं. नागपुरात मी वर्षानुवर्षं हेच करत होतो. एका गुणाने मागे असताना नातीने चेंडू फेकला, भोंगा वाजला आणि चेंडू जाळीतून खाली आला. आम्ही जिंकलो! नंतर चहा-सँडविच घेताना यजमानांचे कोच हसत म्हणाले, "आजोबांनी नातीला वेळ जरा जास्तच दिला, पण ग्रँड, चालायचंच!" सगळे हसले. नात माझ्याकडे वळली, "आजोबा, टेल देम!" मुलगा कुजबुजला, "बाबा, जाऊ द्या ना, पाहुणे आहोत आपण." मी गप्प बसलो आणि तिचा विजय माझ्या मेहेरबानीचा ठरला. ते गप्प बसणं अजून खातं मला. म्हणून आता स्पष्ट सांगतो: भोंग्याआधीच चेंडू तिच्या हातातून सुटला होता, आणि घड्याळ मी क्षणभरही लांबवलं नाही. कोचसाहेब, त्या पोरींनी तुम्हाला तुमच्याच हॉलमध्ये, तुमच्याच घड्याळावर हरवलं.