भिंतींमध्ये अडकलेली फांदी

घळीत आमच्या डोक्यावर दोन पुरुष उंचीवर, दोन्ही भिंतींच्या मध्ये एक वाळकी फांदी अडकली होती. "एवढ्या वर कुणी टाकली?" मी विचारलं. वाटाड्या काळूमामा म्हणाले, "टाकतंय कोण? पाण्यानं आणली." "म्हणजे पाणी तिथवर चढतं?" मी पुन्हा वर पाहिलं.

दोरावरून आम्ही पहिला टप्पा उतरलो होतो. आता तो दोर खाली ओढून पुढे न्यायचा होता. एकदा ओढला की मागे फिरायची वाट संपते. आमचा म्होरक्या सुहास दोराला हात घालत म्हणाला, "घाबरलीस होय? आभाळ बघ किती स्वच्छ आहे."

आभाळ दिसत होतं हातभर. पाणी मात्र सगळ्या पठाराचं इथूनच जातं, आणि पठारावर ढग आहेत का, हे आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. याला आपण खुशाल धाडस म्हणतो. मग आपली प्रेतं शोधायला मामांच्या गावाने उतरायचं.

"मामा, वर पठारावर पाऊस पडत असेल का?"

"हितनं काय कळतंय, पोरी? सकाळी इचारायचं होतं."

मी दोर घट्ट धरला. "ओढायचा नाही," म्हटलं. सुहास हसला, पण त्याने दोर सोडला. आमच्या कुणाच्याही आधी मामा त्याच दोराने परत वर चढायला लागले.