दादाच्या आवाजाची डिस्क

माणूस जातो, पण त्याचा आवाज मागे उरतो. शोकसभेत हे वाक्य आलं की सगळ्यांच्या माना डोलतात. आमच्या घरी क्रम उलटा झाला. दादाचा आवाज गेला आणि दादा मागे उरला, पाटी-पेन्सिल घेऊन.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझा हा थोरला भाऊ सांगलीत घरीच डीटीपीची कामं करायचा. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रं, आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची पत्रकं. त्यांत ‘हृदयसम्राट’ इतक्यांदा लागायचं की त्यानं त्या शब्दाला एक कळच देऊन टाकली होती. जत्रांच्या दिवसांत कुस्तीच्या मैदानात माइक त्याच्याकडे असे. गळ्याचं ऑपरेशन मिरजेला ठरलं, आवाज राहणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तेव्हा त्यानं कॉम्प्युटरला माइक जोडून आपला आवाज भरून ठेवला. थोर असं काही नाही. अस्तित्वात नसलेल्या दोन पैलवानांची कुस्ती, पार निकालापर्यंत. शेजाऱ्याची नक्कल. आणि मध्येच, माइक चालू आहे हे विसरून, “अगं, चहा टाक.”

हे सगळं पुढच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कवर होतं. मागच्या खोलीत वहिनी टायपिंग करायची. तिचा कॉम्प्युटर काळ्या वायरनं त्याच डिस्कला जोडलेला. दुपारी दादा झोपला की ती आवाज बारीक करून ते ऐकायची. चहाच्या वाक्यापाशी आली की उठून खरोखरच चहा टाकायची.

गणपती गेले आणि डिस्क कण्हायला लागली. दुरुस्तीवाल्यानं कॅबिनेटला कान लावला.

“आता हिला बंद करू नका. गार झाली की चकती आत चिकटून बसेल. चालू आहे तोवर नवी आणा, सगळं तिच्यावर उतरवून देतो.”

फ्लॉपीवर त्यातलं काही मावलं नसतं. पैलवानांची सलामीसुद्धा नाही.

नवी डिस्क निवडायला मी साताऱ्याहून आलो. दुकानदार टाय लावून बसला होता आणि सांगलीला एकविसाव्या शतकात नेण्याची जबाबदारी आपल्यावर आहे असं बोलत होता.

“ही घ्या साहेब. लाइफटाइम चालते.”

दादानं पाटीवर लिहिलं, “कुणाचा?”

दुकानदार मोठ्यानं हसला. मग त्याचं लक्ष दादाच्या गळ्याकडे गेलं आणि तो पुढची डिस्क काढायला वळला.

एक वेगवान होती, एक स्वस्त. दादानं दोन्ही टेबलावर चालू करायला लावल्या, वाकून ऐकल्या आणि तिसरीच घेतली, सगळ्यांत कमी घरघरणारी. मी कारण विचारलं. त्यानं लिहिलं, “मी बोलताना मध्ये बोलणारी नको.”

त्याच दिवशी ती घरी यायला हवी होती. पण आईनं ऐकलं नाही. “नवं यंत्र दसऱ्याला घरात येतं. चार दिवसांनी काय बिघडणार आहे?” भल्याभल्या पुढाऱ्यांची टिंगल करणारा दादा आईपुढे पाटी पुसून बसला. डिस्क दुकानातच राहिली. आम्ही वीज जाईल म्हणून दुसरी बॅटरी मागून आणली, प्लगला चिकटपट्टी लावली, बटणावर पुठ्ठा बसवला.

खंडेनवमीला मी दादाला घेऊन मिरजेला तपासणीला गेलो. परत आलो तेव्हा पुढच्या खोलीत शांतता होती. कॅबिनेटवर हळदीकुंकू होतं, त्यावर झेंडूचं फूल. पुठ्ठा नीट घडी करून बाजूला ठेवलेला.

वहिनीच्या माहेरी, कडेगावला, पिठाची गिरणी. खंडेनवमीला गिरणी थांबवायची, मग पुजायची. चालत्या पट्ट्याला कुंकू लावायला गेलेल्या एकाचा चिरडलेला हात तिनं लहानपणी बघितला होता.

“आवं भावजी, पाचच मिनिटं बंद केलं,” ती म्हणाली. “चालत्या मशिनीला कुंकू लावत न्हाईत. पूजा झाली, बटण दाबलं, तर नुसतं टक्‌टक्‌ करतंय. मला वाटलं, वायर हालली आसंल.”

दुरुस्तीवाला आला. त्यानं डिस्क तळहातावर घेतली, हलक्या हातानं ठोकली, पुन्हा जोडली, पुन्हा ठोकली. शेवटी ती टेबलावर ठेवून तो आईनं दिलेलं पाणी प्यायला, आणि कुणाकडे न बघता गेला.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. दादानं पाटी घेतली. मग लिहिलं, “चहा टाक,” आणि पाटी तिच्यासमोर धरली. तिनं वाचलं. तिला उठता येईना. शेवटी चहा मी टाकला.

दसऱ्याला ठरल्याप्रमाणे नवी डिस्क आणायला गेलो. जुनी दिल्यास दुकानात काही सवलत होती, पण ती चालू स्थितीत असावी लागे.