उंबऱ्यावरची पांडा

१९९३ च्या भूकंपात किल्लारीच्या बाजूचं वर्षाराणीचं गाव पडलं, तेव्हा ती पाच वर्षांची होती. आई सिंधु आणि पाळण्यातला भाऊ दगडमातीच्या भिंतीखाली गेले. वडील शेषेराव उकाड्यामुळं लेकीला घेऊन अंगणात बाजेवर निजले होते. तेवढे दोघे वाचले.

पुढं पुनर्वसनात सिमेंटचं घर मिळालं. शेषेरावांनी त्यात भांडी ठेवली, पोती ठेवली, लेकीचं दप्तर ठेवलं आणि स्वतःची बाज बाहेर लिंबाखाली टाकली. पावसाळ्यात वर पत्रा घातला, पण पक्क्या छताखाली काही ते निजले नाहीत. एकदा नांदेडला भावाकडं लग्नाला गेले, तर पाहुण्यांनी आग्रह करकरून त्यांना आतल्या खोलीत झोपवलं. थोड्याच वेळात ते घामाघूम होऊन ‘दार उघडा, दार उघडा’ करत बाहेर आले. मांडवात हसू फुटलं. बारावीतली वर्षाराणी मान खाली घालून बसली.

ती तेव्हा लातूरला होती. अख्ख्या मराठवाड्यातली पोरं क्लाससाठी तिथं लोटत होती. दिवसभर क्लास, मग अभ्यासिका. मैत्रिणींनी वडिलांचं विचारलं की ‘शेती करतात’ एवढंच सांगून ती पुस्तकात तोंड घालायची. सीईटीत मेडिकलची सरकारी जागा थोडक्यात हुकली. क्लासमधल्या एका सरांनी चीनमधलं मेडिकल कॉलेज सुचवलं.

“चीन म्हंजे लई लांब असंल?” शेषेरावांनी विचारलं.

“हाव, आबा.”

“जा मग. डॉक्टर होऊनच ये.”

चीनमधल्या चेंगदू शहरात ती मेडिकलच्या दुसऱ्या वर्षात होती. २००८ च्या मे महिन्यात, दुपारच्या तासाला, बाक हलला. “भायेर पळा!” ती मराठीतच ओरडली. शब्द कुणाला कळला नाही, पण सगळे तिच्यामागं पळाले. कॉलेजची इमारत उभी राहिली; डोंगराकडची गावं मात्र गेली. पोरं मैदानावर तंबूत राहू लागली. उघड्यावर छाती कशी मोकळी होते, ते वर्षाराणीला तिथं कळलं.

डोंगरातल्या पांडांच्या अभयारण्यावरही दरडी कोसळल्या होत्या. वाचलेले पांडा खालच्या एका केंद्रात आणले होते आणि तिथं माणसं कमी पडत होती. सुट्टीत वर्षाराणी एका चिनी वर्गमैत्रिणीबरोबर तिकडं गेली. बांबूच्या मोळ्या वाहायच्या, आवार झाडायचं, असं काम.

तिथं एक मादी होती. बाकीचे पांडा संध्याकाळी खोलीत जायचे. ही दारापर्यंत यायची, वास घ्यायची आणि परत झाडावर चढायची. ट्रक जाऊन जमीन थरथरली की थेट शेंड्यावर. एकदा सफरचंदं दाखवून तिला आत घेतलं आणि गजांचं दार ओढलं. तिनं गजांवर धडका दिल्या, पंजा रक्ताळला, बकरीसारखी ओरडत राहिली. वर्षाराणीला बघवेना. लग्नघरातला आबांचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं आला.

दुसऱ्या दिवसापासून केंद्रातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी दार उघडंच ठेवायला सांगितलं. पांडाला सांभाळणारी लिऊ नावाची पन्नाशीची बाई उंबऱ्यापाशी बांबू टाकायची आणि स्वतःचा डबा घेऊन बाहेर स्टुलावर बसायची.

“आत कधी जाईल ही?” वर्षाराणीनं मोडक्यातोडक्या चिनीत विचारलं.

“काय माहीत,” लिऊबाई म्हणाली. “माझंही घर पडलंय. मीसुद्धा तंबूतच झोपते.”

सुट्टी संपत आली तोवर पांडा उंबऱ्यावर बसू लागली होती. तोंड आत, ढुंगण बाहेर, आणि बांबू सोलणं मजेत चाललेलं.

वर्षाराणीनं घरी फोन लावला. तिनं पांडाचं सगळं सांगितलं. शेषेराव ऐकत राहिले.

“आबा, तुम्ही त्या पहाटेचं मला कधीच सांगितलं न्हाई.”



“तुझ्या मायला म्हणलो होतो, भायेर ये. ती म्हणली, लेकराला दव बाधंल. मी पुन्हा म्हणलो न्हाई, माय.”

एवढं बोलून ते रडायला लागले. तिनं त्यांना गप्प केलं नाही. नुसता फोन धरून राहिली.

देशात परतल्यावर परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना द्यावी लागणारी इथली परीक्षा निघायला तिला तीनदा बसावं लागलं. हिमायतनगरला काही वर्षं नोकरी केली, मग भोकरला स्वतःचा दवाखाना टाकला. घर बघताना ऐसपैस उघडी ओसरी असलेलं घेतलं आणि आबांना आणलं. ‘आत निजा’ असं ती कधी म्हणाली नाही. कुणी पाहुणा म्हणालाच, तर ती विषय तोडायची.

एका पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. ताप हटेना. एका सकाळी आतल्या खोलीत जाग आली, तर शेषेराव तिच्या कॉटला टेकून, फरशीवर बसल्या बसल्या निजलेले. एक हात तिच्या चादरीवर, दुसऱ्या हाताचा तळवा भिंतीला लावलेला.

तिनं त्यांना उठवलं नाही.

दोन दिवसांनी ताप उतरला. शेषेरावांनी तिच्या हाताला हात लावून बघितलं, “बरं हाय आता,” म्हणाले आणि उशी काखेत मारून पुन्हा ओसरीत गेले.