उरलेल्या सहा कॅप्सूलची फवारणी

आमच्या घरात औषधांमधलं सगळ्यात जास्त मला कळतं. हे मी स्वतःच ठरवलेलं आहे.

पिंपरी पेंढारला माझं टोमॅटोचं शेत आहे. तीस वर्षं झाली, फवारणीची वही मी स्वतःच्या हातानं लिहितो. औषध विकणारा दुकानदार काय सांगतो ते मी शांतपणे ऐकतो आणि घरी येऊन माझ्या मनाचं करतो. माझे नियम तीनच. पानावर डाग दिसायच्या आधीच एक हात मारून घ्यायचा. डाग गेला की थांबायचं. आणि पंपात उरलं असेल तर शेजारच्या सरीला मारून टाकायचं, वाया घालवायचं नाही. (या नियमांनी दोन वेळा प्लॉट हातचा गेला, पण ते हवामानामुळं. हवामानाला कोण काय करणार?)

तर अशा माणसाला एका सोमवारी सकाळी ताप आला. तोही नेमका त्या आठवड्यात!

त्या आठवड्याचं महत्त्व सांगायला हवं. आमची एकुलती एक लेक वैशाली महाळुंगे पडवळला दिलेली आहे. तिला सातवा महिना लागला होता. रविवारी ओटी भरून तिला बाळंतपणाला आमच्याकडं आणायचं ठरलं होतं. तिच्या सासूबाई मधूनमधून म्हणायच्या, "इथं समदं जवळ हाय, इथंच करू की." त्यावर मी दरवेळी छाती पुढं काढून सांगायचो, "विहीणबाई, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हणार." खोली रंगवून झाली होती. आईनं दुपट्यांची चळत लावली होती. लेक तीन महिने डोळ्यांसमोर राहणार म्हणून मी आतून पार विरघळलो होतो, फक्त दाखवत नव्हतो.

आळेफाट्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नाकात एक लांब काडी घातली. "फ्लू आहे," त्या म्हणाल्या. "वेळेत आलात ते बरं केलं. या दहा कॅप्सूल. सकाळी एक, संध्याकाळी एक, पाच दिवस. काहीतरी खाऊन घ्या, नाहीतर मळमळेल. आणि बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत."

"बरं."

"घरात कोण कोण असतं?"

"बायको, आई. आईला दमा हाय. रविवारी लेक येतीय, पोटुशी हाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मुलीला इतक्यात आणू नका. आणि आईंना ताप-खोकला सुरू झाला तर त्याच दिवशी घेऊन या. दोन-चार दिवस वाट बघत बसू नका."

मी मान डोलावली. दुकानदारापुढं डोलावतो तशीच.

घरी आल्यावर बायकोला, म्हणजे सुमनला, सांगितलं, "जराशी सर्दी हाय. महाळुंग्याला काय कळवू नको." सोमवारी दोन कॅप्सूल घेतल्या, मंगळवारी दोन. बुधवारी सकाळी उठलो तर अंगात तापाचं नाव नाही! दोन भाकरी खाल्ल्या. हातात पाकीट घेतलं, त्यात सहा कॅप्सूल उरलेल्या. डाग गेला होता. म्हणजे थांबायचं. आणि पंपात औषध उरलं होतं.

मी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं आणि छाटणीच्या कात्रीनं पाकिटाचे सहा तुकडे केले.

"ही आगाऊ फवारणी," मी जाहीर केलं. "सुमन दोन. आई दोन."

आई खाटेवरून म्हणाली, "मी काय टमाट्याचं झाड हाय व्हय रं?"

"आये, रोग यायच्या आदी घेतलं की रोग येत न्हाई."

"मंग मागच्या साली करपा कसा आला?"

मी विषय बदलला. तेवढ्यात शेजारचा नामा पंप मागायला आला. त्याला अंगणातच थांबवून सगळं सांगितलं, तर म्हणतो, "संपतभाऊ, मला बी एक द्या की राव. कालपास्नं घसा खवखवतोय." शेजारधर्म म्हणून दिली. पठ्ठ्यानं तिथंच उभ्या उभ्या, उपाशीपोटी, चिमूटभर तंबाखू थुंकून गिळली.

राहिली एक. ती वैशालीची. नामा दुपारी मंचरला चालला होता आणि महाळुंगे त्याच्या वाटेवरच. मी कॅप्सूलचा तुकडा त्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि लेकीला फोन लावला.

"वैशे, नामाकाकाच्या हाती एक कॅप्सूल धाडतोय. घेऊन टाक. म्हंजी रविवारी इथं आली तरी तुला माझा फ्लू लागायचा न्हाई."

"आप्पा," वैशाली हळूच म्हणाली, "फोन स्पीकरवर हाय. आत्याबाई हितंच बसल्यात."

मग विहीणबाईंचा आवाज आला. आवाज गोड होता आणि त्याचीच मला भीती वाटली. "पावणं, तुमाला फ्लू झालाय व्हय? आन् आमाला म्हायतीच न्हाई."

"झाला व्हता. आता डाग, म्हंजी ताप गेलाय."

"डॉक्टरनं सांगितलंय का पोरीला कॅप्सूल द्यायला?"

मी छाटणीची कात्री उघडझाप करत बसलो.

"मंग असं करू," त्या म्हणाल्या. "पोरगी ऱ्हाऊ द्या हितंच. बाळंतपण बी हितंच करू."

फोन बंद झाला. तीन महिन्यांचं माहेरपण मी एका फोनमध्ये घालवून बसलो होतो. मला रडूच यायचं बाकी होतं. अशा वेळी मी भांडतो. मी सुमनला म्हणालो, "बघितलं? चांगलं करायला जावं तर हे असं." ती सरळ नामाच्या घराकडं निघून गेली.

चार वाजता मला पुन्हा हुडहुडी भरली. पाच वाजता आई खोकायला लागली. आईला एकदा दम लागला की काय होतं ते मी दोन वेळा पाहिलेलं आहे. सुमननं जीप सांगितली आणि आम्हा दोघांना घेऊन ती थेट आळेफाट्याला आली.

डॉक्टरीणबाईंनी आधी आईला तपासलं. छाती ऐकली, बोटाला चिमटा लावला, नाकात काडी घातली. (आईनं काडीला अशा काही शिव्या दिल्या की बाहेरचे पेशंट आत डोकावून गेले.) आईलाही फ्लूच निघाला.

"आज आणलंत ते फार बरं झालं," त्या म्हणाल्या. "औषध लवकर सुरू झालं की उपयोग होतो. या वयात किडनी बघून डोस ठरवावा लागतो, जुने रिपोर्ट असतील तर दाखवा." मग माझ्याकडं वळल्या. "तुमच्या किती कॅप्सूल राहिल्यात?"

"एक बी न्हाई."

"आज बुधवार. पाच राहायला हव्यात."

मी छाती पुढं काढून सगळं सांगितलं. का लपवायचं? तीस वर्षांचा अनुभव होता माझा. "मॅडम, टमाट्यावर आमी रोग यायच्या आदीच मारतो. मंग माणसावर का न्हाई?"

"टोमॅटो तुमच्या तोंडावर खोकतो का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"काका, आधी घ्यायला देतात हे औषध, नाही असं नाही," त्या मला थांबवत म्हणाल्या. "पण कुणाला द्यायचं, किती आणि किती दिवस, ते माणूस बघून ठरवावं लागतं. एकेक वाटायला हा प्रसाद नाही. गरोदर बाईला तर तिच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच पाठवायचं नाही. एकेक घेऊन त्यांचं भागलं नसतं आणि तुमचाही कोर्स अर्धा राहिला."

तेवढ्यात सुमननं पिशवी उघडली आणि टेबलावर चंदेरी तुकडे मांडले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचही तसेच बंद!

"ह्या माझ्या दोन. ह्या आत्याबाईंच्या दोन. आन् ही वैशालीची, नामाभावजींच्या खिशातनं काढून आनली."

मी आईकडं बघितलं. आई छताकडं बघत म्हणाली, "मी त्याच घडीला सुनंच्या हातात दिल्या. तुज्या फवारणीवर माजा भरवसा न्हाई."

"आणि सहावी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ती नामाभावजींनी घेतली. मंचरच्या वाटंवर जीपमदी वकले आन् माघारी फिरून हितंच फाट्यावर उतरले. त्यांना बी बोलवून बाहेर बसवलंय."

म्हणजे माझ्या घरात माझा सल्ला मानणारा एकच माणूस निघाला, आणि तो शेजारचा होता. त्याचीही अशी अवस्था झाली.

बाईंनी चुकलेला डोस धरून पुढचं सगळं नव्यानं लिहून दिलं, तेही माझ्या हातात नाही, सुमनच्या हातात. मला टोमॅटो भरायच्या शेडमध्ये हलवण्यात आलं. मी तिथूनही हार मानली नाही. रोज तोंडाला रुमाल बांधून क्रेटवर बसायचो आणि ओरडून सांगायचो की माझं तत्त्व बरोबर होतं, फक्त प्रमाण चुकलं. कुणी ऐकत नव्हतं. आई आतल्या खोलीत औषध वेळच्या वेळी घेत होती आणि चौथ्या दिवशी भाकरी मागायला लागली. तो दिवस मात्र मी गप्प होतो. शेडमध्ये एकटाच बसून डोळे पुसले, आता लपवून काय करू.

सुमननं विहीणबाईंना रोज फोन केला आणि रोज खरं सांगितलं. (हा उपाय मला सुचलाच नव्हता.) सगळे बरे झाले, डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि ठरल्यापेक्षा दोन आठवडे उशिरा का होईना, वैशाली आली. विहीणबाई स्वतः सोडायला आल्या.

मी पुढं होऊन म्हणालो, "बघा, म्हणलं न्हवतं, पहिलं बाळंतपण माहेरीच."

वैशाली शेडच्या खांबाला टांगलेली माझी फवारणीची वही वाचत होती. शेवटच्या पानावर सुमनच्या अक्षरात लिहिलं होतं: "प्लॉट – संपत. रोग – फ्लू आणि हट्ट. औषध – डॉक्टरनं दिलेलंच. जेवून सकाळी एक, जेवून संध्याकाळी एक. डाग गेला तरी थांबू नये. शेजारच्या सरीला मारू नये." खाली प्रत्येक डोसापुढं बरोबरची खूण होती.

वैशालीनं मागची पानं चाळली, पुढची चाळली आणि वही विहीणबाईंच्या हातात दिली. तीस वर्षांच्या त्या वहीत ठरल्याप्रमाणं पूर्ण झालेली फवारणी तेवढी एकच होती.